काळ्या दगडावरचं ऊन: सायकल, कॅमेरा आणि लोणारचा एक दिवस

भाऊ, तुझा प्रश्न दोनदा वाचला. अमेरिकेतल्या त्या लाल कॅन्यनमध्ये पहाटे सायकल घेऊन निघणारे आणि दिवसभर फोटो काढत फिरणारे लोक तू पाहतोस, आणि तुलाही तसा एक दिवस काढायचा आहे, पण आपल्या भागात. रिसोडकडचा तू, कॉलेजचं दुसरं वर्ष, गिअरची सायकल, काकांनी दिलेला जुना डीएसएलआर आणि त्याच्यासोबत आलेली १८-५५ लेन्स. मागच्या डिसेंबरात लोणारला जाऊन आलास आणि सगळे फोटो राख फासल्यासारखे आले. तर तुझं विचारणं असं की आपल्याकडं असं काही जमतं का, कधी आणि कसं जायचं, सोबत काय घ्यायचं, आणि आधी नवी लेन्स घेऊ का.

मी मेहकर तालुक्यातला. लग्नाचे, बारशाचे फोटो काढतो, त्यावर घर चालतं, आणि गेली चौदा-पंधरा वर्षं सवड मिळाली की कॅमेरा पाठीला लावून सायकलवर निघतो. लोणारला पन्नासच्या वर खेपा झाल्या असतील. जमतं का, तर जमतं, आणि फार चांगलं जमतं, फक्त तिकडचे फोटो डोक्यात ठेवून इकडं आलास तर हाती राखच येते. त्यामुळं आधी राखेचंच बोलतो, बाकीचं सगळं त्यातूनच निघतं.

तू पाहिलेले ते कॅन्यन म्हणजे युटा-ॲरिझोनाकडचा वाळूचा दगड, लोखंडाचा गंज मुरलेला, म्हणून लाल-केशरी. त्या दगडाची खुबी अशी की ऊन एका भिंतीवर पडलं की ती भिंत ते समोरच्या भिंतीवर फेकते आणि फेकताना आपला रंग लावून फेकते, म्हणून तिथली सावलीसुद्धा पेटल्यासारखी दिसते. तिथल्या कॅन्यनलँड्स नावाच्या राष्ट्रीय उद्यानात मेसा आर्च नावाची दगडी कमान आहे, सूर्य उगवला की तिची खालची बाजू निखाऱ्यासारखी लाल होते, आता खालच्या बाजूला थेट ऊन कुठून लागणार, ते खालच्या कड्यावर पडून वर उसळलेलं असतं. अँटिलोप कॅन्यनच्या अरुंद घळीत तर वरून आलेलं ऊन या भिंतीवरून त्या भिंतीवर आपटत आपटत तळापर्यंत जातं आणि प्रत्येक टप्प्यावर आणखी लाल होतं.

आपला दगड काळा. बेसाल्ट, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा, थरावर थर. हा दगड ऊन पिऊन टाकतो, परत फारसं काही देत नाही. त्यामुळं आपल्याकडच्या घळीत, कड्याखाली, सावलीत जो उजेड असतो तो समोरच्या भिंतीचा नसतो, तो वरच्या आभाळाचा असतो, आणि आभाळ निळं म्हणून आपली सावली निळी. तिकडं सावली केशरी, इकडं सावली निळी, हा एवढा फरक मनात बसायला मला तीन-चार वर्षं लागली, कारण मी पण तेव्हा तुझ्यासारखाच व्हाइट बॅलन्स, म्हणजे फोटो किती पिवळा किंवा निळा दिसावा ते ठरवणारी सेटिंग, ओढून ओढून काळा दगड लाल करायच्या मागं लागलो होतो आणि फोटो सगळे चहासारखे दिसायचे. आता मी व्हाइट बॅलन्स ५२०० केल्विनवर बांधून ठेवतो आणि सावलीला निळी राहू देतो. मग सकाळचं पिवळं ऊन त्या निळ्यावर जी रेघ ओढतं ना, ती त्या लाल दगडात तुला सापडायची नाही.

आणि राख का होते ते पाह्य. कॅमेऱ्यातल्या मीटरला समोर दगड आहे की म्हैस आहे काही कळत नाही, समोर जे काय असेल ते सरासरी मधल्या राखाडीपर्यंत आणायचं एवढंच त्याला शिकवलेलं असतं. तू सगळी फ्रेम काळ्या दगडानं भरलीस तर त्याला वाटतं अंधार पडलाय, तो फोटो उजळ करतो, दगड झाला राखाडी, वरचं आभाळ झालं पांढरं फट्ट, आणि वर दुपारची धूसर हवा. झाली राख. उपाय सोपा आहे, दगड जास्त असेल तर एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे फोटो मुद्दाम उजळ-गडद करायची सेटिंग, उणे एकवर ने, कधी कधी उणे दीडवर, आणि हिस्टोग्रामचा, म्हणजे डावीकडं काळं आणि उजवीकडं पांढरं दाखवणाऱ्या आलेखाचा, डोंगर डाव्या अंगाला असला तरी घाबरू नको, काळी वस्तू डावीकडंच असते. फक्त अगदी डाव्या भिंतीला चिकटू देऊ नकोस. याच्या उलट खाली पाण्याच्या काठावर जिथं क्षाराचा पांढरा थर असतो तिथं अधिक एक करावं लागतं, नाहीतर तो पांढरा थर मळकट येतो. एकाच जागी दहा पावलांत उणे एकचं अधिक एक, म्हणून मी तिथं मॅन्युअलवरच, सगळे आकडे हातानं लावून, काम करतो. फोटो रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये, काढ, हे सांगायलाच नको, पण जेपीईजीत काढणारे अजून भेटतात म्हणून सांगून ठेवतो.

आता जागा. लोणारच. खऱ्या अर्थानं ते कॅन्यन नाही, कॅन्यन नदी कोरते आणि हे उल्केच्या धडकेनं झालेलं विवर आहे, पण काठावर उभं राहिल्यावर पायाखालची जमीन एकदम संपते आणि पलीकडं दगडाची भिंत दिसते, ती छातीत जी जागा धरते ती कॅन्यनचीच. रुंदी साधारण १.८ किलोमीटर, खोली दीडशे मीटरच्या आसपास, मध्ये खारट तळं. काठ आजूबाजूच्या शेतांपेक्षा उचललेला आहे, म्हणून येताना काहीच दिसत नाही, शेवटच्या चढावर हलका दम लागतो आणि मग एकदम सगळं उघडतं. सायकलवरून आलास तर तो चढ पायाला कळतो, गाडीतून येणाऱ्याला कळत नाही.

तू डिसेंबरात गेला होतास, ते वाईट नाही, पण तुला वाळवंटासारखं उघडं, कोरडं दिसायला पाह्यजे असेल तर फेब्रुवारीचा दुसरा पंधरवडा ते मार्चचा पहिला. पावसाळ्यानंतर विवराच्या उतारावर इतकी हिरवळ असते की दगड दिसतच नाही. ऑक्टोबरात हवा काचेसारखी स्वच्छ असते हे खरं, पण दगड झाकलेला. फेब्रुवारीपर्यंत पानं झडतात, भिंतीतले थर उघडे पडतात, दोन थरांच्या मध्ये कुठं कुठं तांबूस मातीचा पट्टा दिसतो, आणि वाटेवर धुऱ्याधुऱ्यानं पळस फुललेला असतो. काळा दगड आणि पळस, दुसरा कुठला रंग शोधत जायची गरजच राहत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. दिवस सायकलपासून मोजायला सुरुवात करू नको, उन्हापासून मोज आणि मागं मागं ये. फेब्रुवारीच्या शेवटी आपल्याकडं सूर्य पावणेसातच्या सुमारास उगवतो. विवराचा पूर्वेचा काठ दीडशे मीटर उंच, तर सूर्य पाच अंश वर आला की त्या काठाची सावली पडते सतराशे मीटर लांब, म्हणजे जवळजवळ पलीकडच्या भिंतीच्या पायथ्यापर्यंत. सूर्याला पाच अंश चढायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. म्हणजे काय होतं, तर सूर्य उगवला की पहिल्यांदा पश्चिमेच्या काठावर एक बारीक पिवळी पट्टी उमटते, ती हळूहळू खाली उतरत जाते, वीस-पंचवीस मिनिटांत समोरची पूर्ण भिंत उजळते आणि खाली तळं अजून निळ्या अंधारातच असतं. पाऊण तासात सूर्य दहा अंशावर, सावली साडेआठशे मीटर, उन्हाची रेघ तळ्याच्या मध्यावर. त्यानंतर सावली आटत जाते आणि फोटोतला जोर जातो. तुझा दिवस म्हणजे ही पहिली पंचेचाळीस मिनिटं, त्यातही मधली वीस. बाकीचे बारा तास त्या वीस मिनिटांच्या तयारीसाठी आणि त्यातून सावरण्यासाठी असतात.

गाव विवराच्या ईशान्येला आहे. त्या काठावरून तू नैऋत्येकडं पाहतोस आणि सकाळचं ऊन डाव्या हातानं, किंचित मागून येतं, तिरकं, दगडाला घासून. काळ्या दगडाला हे घासून जाणारं ऊनच लागतं, समोरून सपाट पडलेलं ऊन त्याला मारून टाकतं. घासलं की प्रत्येक थराची कड चमकते आणि तिच्या खाली सावलीची रेघ पडते, मग मोजून घे लाव्हाचे थर. मी म्हणतो ते खरं की नाही ते पाहायचं असेल तर एकाच जागी कॅमेरा लावून सात वाजता आणि अकरा वाजता तोच फोटो काढ. अकराच्या फोटोत तुझी मागच्या वेळची राख तुला ओळखू येईल.

सायकलचं. मी मेहकरहून सुलतानपूरमार्गे जातो, चोवीस-पंचवीस किलोमीटर पडतं, सामानासकट ताशी पंधराच्या हिशोबानं पावणेदोन तास, म्हणजे साडेचारला घर सोडलं की सव्वासहाला काठावर, ट्रायपॉड लावून श्वास खाली बसायला अर्धा तास. तुझ्याकडून अंतर जास्त आहे, पहाटे अंधारात तेवढं मारून लगेच कॅमेरा हातात घेतलास तर हात थरथरतात, त्यामुळं माझं ऐकशील तर आदल्या दिवशी दुपारनंतर आरामात सायकल मारत ये, लोणारला मुक्काम कर, आणि संध्याकाळी प्रकाशात काठ पाहून जागा ठरवून ठेव. अंधारात जागा शोधण्यात माझ्या किती सकाळी गेल्या त्याची गणती नाही.

अंधारात सायकल मारायचीच झाली तर पुढं चांगला दिवा, मागं लाल दिवा, अंगावर चमकपट्टी. कापसाच्या गाड्या रात्रभर चालू असतात आणि ड्रायव्हर झोपेला आलेला असतो. त्याहून मोठी भीती रोह्याची, म्हणजे नीलगाईची. रोही कळपानं रस्ता ओलांडतात, पहिला गेला म्हणून तू निघालास की दुसरा येऊन राहिलेला असतो. एक दिसला की थांब, पाच मोज, मग नीघ. रानडुकराचंही तसंच. कुत्र्यांना पाहून पळवू नको, उतर आणि सायकल मध्ये धरून चाल, गप्प होतात.

पंक्चर होणारच. आपल्याकडं धुऱ्यावरची बाभूळ छाटली की काटे रस्त्यावर येतात आणि पांदणीत सराटे. एक बाभळीचा काटा टायर-ट्यूब दोन्ही आरपार करतो. टायर आणि ट्यूबच्या मध्ये बसवायची पट्टी मिळते, ती बसवून घे, दोन स्पेअर ट्यूब, टायर काढायचे चमचे, छोटा पंप, आणि पंक्चर काढल्यावर नवी ट्यूब टाकायच्या आधी टायरच्या आतून बोट फिरवून काटा खरंच निघाला का ते पाह्य, कारण अर्धा काटा आत राहतो आणि दोन किलोमीटरवर दुसरी ट्यूबही जाते. हे माझ्यासोबत एकाच सकाळी दोनदा झालंय आणि ऊन गेलं ते गेलंच. जुनी ट्यूब फेकू नको, तिच्या पट्ट्या काप, ट्रायपॉड सायकलच्या दांड्याला बांधायला त्या रबरासारखं दुसरं काही नाही, खणखण वाजत नाही आणि सुटत नाही. कॅमेरा मात्र कॅरियरवर कधीच नाही. खड्ड्यांच्या हादऱ्यानं लेन्सचे बारके स्क्रू सैल होतात. पाठीवर घे, पाठ हादरा खाते. आणि एक, मध्येच पाऊस होऊन गेला असेल तर पांदणीत शिरूच नको, काळी माती टायरला अशी धरते की चाक फिरत नाही, सायकल खांद्यावर घेऊन यावं लागतं.

पाण्याबद्दल मी जरा जास्त बोलणार आहे. त्या कॅन्यनलँड्समध्ये व्हाइट रिम म्हणून १६० किलोमीटरचा कच्चा रस्ता आहे, सायकलवाले तो दोन-तीन-चार दिवसांत करतात, आणि पूर्ण रस्त्यावर प्यायचं पाणी नाही. तिथले उद्यानवाले माणशी दिवसाला एक गॅलन, म्हणजे पावणेचार लिटर तरी पाणी जवळ ठेवायला सांगतात. आपल्याला वाटतं आपल्याकडं तर दर पाच किलोमीटरवर गाव आहे, चहाचं दुकान आहे, कशाला वजन वाहायचं. मलाही असंच वाटायचं. २०१३ च्या मे महिन्यात मी दीड लिटर पाणी घेऊन निघालो, सकाळचे फोटो मनासारखे झाले म्हणून आणखी थोडं, आणखी थोडं करत साडेअकरा वाजवले आणि मग परत निघालो. सुलतानपूरच्या अलीकडं अंगावर शहारे यायला लागले. बेचाळीस-त्रेचाळीसच्या उन्हात थंडी वाजते म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं नाही, मी उलट खूश झालो की वारं सुटलं. मग डोकं ठणकायला लागलं, मळमळलं, हँडल सरळ धरवेना. एका लिंबाखाली सायकल टाकली आणि बसलो ते उठवेना. शेजारच्या वावरातून एक आजी आल्या, काही न विचारता डोक्यावर, मानेवर मडक्यातलं पाणी ओतलं, दुपट्टा ओला करून अंगावर टाकला, आणि मिठाचं ताक पाजलं, घोट घोट, एकदम पिऊ देईनात. "कायले एवढं ऊन अंगावर घेतं बापा, फोटू काय पळून चालले का?" एवढंच बोलल्या. चार वाजेपर्यंत तिथंच पडून होतो. त्या नसत्या तर काय झालं असतं हा विचार आजही मनात येतो. त्यामुळं एप्रिल-मेमध्ये अजिबात नाही, आणि फेब्रुवारी-मार्चमध्येसुद्धा चार लिटर पाणी, मीठ-साखरेच्या पुड्या, कांदा, डोक्याला दुपट्टा. शहारे, डोकेदुखी, मळमळ, यातलं एक जरी दिसलं की फोटो बंद आणि सावली.

खायला ज्वारीची भाकर आणि ठेचा, शेंगदाणे-गूळ, बस. भाकर दुपारपर्यंत टिकते आणि पोटाला जड होत नाही.

काठावर पोचल्यावर सगळ्यांची एकच चूक होते, लेन्स १८ वर, म्हणजे सगळ्यात रुंद टोकाला, नेतात आणि सगळं विवर एका फोटोत बसवतात. बसतं, पण पलीकडची भिंत इतकी बारीक होते की विवराचं शेततळं होऊन जातं. तुझ्या त्याच लेन्सवर ३५ ला ये, कॅमेरा उभा धर, आणि डावीकडून उजवीकडं सात-आठ फोटो काढ, प्रत्येक फोटोत मागच्याचा तिसरा हिस्सा यायला पाह्यजे. एक्स्पोजर मॅन्युअल, फोकस मॅन्युअल, व्हाइट बॅलन्स बांधलेला, पोलरायझर, म्हणजे चमक कापणारा फिल्टर, असेल तर काढून ठेव, नाहीतर आभाळ एकीकडं गडद आणि एकीकडं फिकं येतं. घरी जोडले की भिंत भिंतीसारखी उभी राहते. आयएसओ (उजेड टिपायची संवेदनशीलता) १००, लेन्सचं भोक एफ ८, सूर्योदयाआधी शटर एक-दोन सेकंद लागेल, म्हणून ट्रायपॉड आणि दोन सेकंदांचा टायमर. मग ५५ वर, म्हणजे सगळ्यात जवळ ओढणाऱ्या टोकाला, जा आणि उन्हाची रेघ जिथं चालली आहे तेवढाच तुकडा पकड, माझे स्वतःचे आवडते फोटो सगळे असे तुकड्यांचेच आहेत.

मोजमापासाठी माणूस पाह्यजे. त्या लाल कॅन्यनच्या फोटोत कड्यावर एक बोटभर सायकलवाला असतो म्हणून तो कडा आपल्याला केवढा तरी वाटतो. तुझी सायकलच उभी कर काठावर, पण कठड्याच्या, कुंपणाच्या आत, आणि फोटोसाठी कडेला जाऊन उभा राहू नको. कडेचा मुरूम सैल असतो.

खाली सायकल न्यायची नाही. ते अभयारण्य आहे, २०२० पासून रामसर यादीतलं, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीतलं, पाणथळ पण आहे, सायकल वरच विश्वासाच्या दुकानापाशी लावून कुलूप घाल आणि चालत उतर, प्रवेशाची वेळ आणि कुठल्या पायवाटा चालू आहेत ते आदल्या दिवशी विचारून ठेव, पाण्याची पातळी वरखाली होते तशा काठच्या वाटा बदलतात. ड्रोन परवानगीशिवाय नाही. आणि दगड उचलून आणायचा नाही, एकही नाही. धडकेच्या उष्णतेनं काही ठिकाणी दगडाची काच झालेली आहे, अभ्यास करणाऱ्यांसाठी तो एकेक तुकडा म्हणजे पुरावा, आणि आपण खिशात घालून शोकेसमध्ये ठेवतो, याचा मला मनापासून राग येतो. तिकडच्या वाळवंटात जमिनीवर जिवंत बुरशी-शेवाळाचं काळं कवच असतं, त्यावर पाय पडू नये म्हणून लोक वाट सोडत नाहीत. आपण काठच्या क्षाराच्या थरावर निदान तेवढं जपून चालावं.

ईशान्येच्या काठावर धार आहे, गोमुख, बारमाही पाणी. त्या पाण्यानं काठ कापून एक घळ केली आहे, आणि खरं कॅन्यन शोधत असशील तर ते हे, लहानसं पण पाण्यानं कोरलेलं. तिथं ऊन उशिरा येतं, काठावरचं काम संपवून आठ-साडेआठला तिकडं जा, ओला दगड आणखी काळा दिसतो आणि त्यावर आभाळाची निळी चमक असते. लोक तिथं आंघोळीला येतात, बाया असतात, तिकडं कॅमेरा वळवायचाच नाही.

दहाच्या पुढं विवराचा नाद सोड. तळं हिरवं, आभाळ पांढरं, सगळं सपाट. हा वेळ मी गावातल्या दैत्यसूदन मंदिरात घालवतो आणि याला कारण आहे. सकाळी सांगितलं ना की आपला दगड ऊन परत देत नाही, तर भर दुपारी उन्हाचा एवढा मारा असतो की काळा दगडसुद्धा थोडं देतो. ऊन समोरच्या फरशीवर पडतं आणि तिथून खालून वर उसळून कोरीव भिंतीच्या खाचांमध्ये जातं. वरून येणारं ऊन मूर्तीच्या डोळ्यांवर काळी सावली पाडतं, हा खालून आलेला उजेड ती सावली हलकी करतो. म्हणजे मेसा आर्चची जी गंमत तिकडं पहाटे दिसते ती आपल्या लवणासुर दैत्याच्या गावात भर दुपारी, केशरी नाही, साधी, मऊ. आधी हे माझ्या लक्षात आलं नव्हतं, एकदा उन्हानं वैतागून ओसरीला टेकलो तेव्हा दिसलं. तिथंही उणे एक विसरू नको. गाभाऱ्यात फ्लॅश नाही, आणि तिथल्या लोकांना विचारूनच.

मग जेवण, सावलीत तासभर झोप. झोप खरंच घे, संध्याकाळी डोळे ताजे लागतात.

संध्याकाळी दोन रस्ते आहेत. गावाकडच्या काठावरच राहिलास तर सूर्य साधारण समोर, पश्चिमेला थोडा दक्षिणेकडं मावळतो, विवर काळं आणि तळ्यावर एक चकाकता पट्टा, आकृत्यांसाठी चांगलं, मोर ओरडत असतात. किंवा पलीकडच्या पश्चिम काठाकडं गेलास तर ऊन तुझ्या पाठीमागून येऊन गावाकडच्या भिंतीवर पडतं, सकाळच्या उलट. पहिल्या खेपेला गावाकडचाच काठ धर, परतायला सोपं. साडेसहाच्या आत सूर्य जातो, त्यानंतरची पंधरा मिनिटं थांब, काळ्या दगडात जी थोडीफार उरलेली निळाई असते ती तेव्हाच दिसते. दिवसभर सायकल मारलेल्या पायांनी अंधारात परत निघू नको, आणखी एक मुक्काम किंवा एसटी, सायकल घेतात का ते कंडक्टरला आधी नीट विचार.

तळं गुलाबी दिसेल का असं तू खाली एका ओळीत विचारलंस. २०२० च्या जूनमध्ये झालं होतं, पाणी आटून खारटपणा वाढला आणि हॅलोआर्किया नावाचे मीठ मानवणारे सूक्ष्मजीव वाढले त्यांचा तो रंग. त्याच्या आशेवर जाऊ नको, एडिटिंगमध्ये तर करूच नको.

लोणार दोन-तीनदा झालं की मग पूर्णेकडं जा. अकोला-बुलढाण्याच्या त्या पट्ट्यात नदीकाठाला गाळाच्या मातीत पावसानं कापलेल्या घळी आहेत, दोन-दोन पुरुष उंच उभ्या पिवळसर भिंती, त्यात चुनखडीचे खडे. तिथली माती फिकी, त्यामुळं ती उजेड परत देते, सकाळी आत उभं राहिलं की सावलीत सोनेरीपणा असतो, तुझ्या त्या लाल कॅन्यनच्या सगळ्यात जवळचं तेच. पण तो खारपाणपट्टा, विहिरी-बोअरचं पाणी खारट, प्यायचं पाणी घरून न्यायचं, आणि भिंतीच्या काठावर किंवा बुडाशी बसायचं नाही, ती माती न सांगता ढासळते. चिखलदरा सुंदर आहे, दऱ्या खोल आहेत, परतवाड्याकडून घाट चढायला मजाही येते, पण ते मेळघाटचं जंगल आहे, पहाटे आणि तिन्हीसांजेला सायकलवर फिरायची ती जागा नव्हे, आणि फोटोचा उजेड तर त्याच वेळी असतो. तिथं सायकल दिवसा चालव आणि फोटो मुक्कामाच्या आसपासच काढ.

लेन्सचं राहिलं. घेऊ नको. तुझ्या लेन्सनं एफ ८ वर जे येतं ते या कामाला पुरून उरतं. पैसे असतील तर बऱ्यापैकी जड ट्रायपॉड घे, काठावर वारं असतं आणि हलका ट्रायपॉड थरथरतो, नाहीतर आहे त्यालाच मधोमध पाण्याची पिशवी लटकव. उरलेल्या पैशांतून टायरच्या पट्ट्या. जाऊन आलास की त्या वीस मिनिटांतले सगळे फोटो पाठव, निवडलेले नको, बिघडलेले धरून सगळे, म्हणजे उन्हाची रेघ कुठं होती तेव्हा तू मीटर किती खाली घेतला होतास ते मला दिसेल.